गुडघ्याएवढं जंगल

समुद्रपूर म्हटलं की वर्धा जिल्ह्याबाहेरच्या माणसाला जामचा चौक आठवतो. नागपूरहून हैदराबादकडे जाताना तिथे चहा होतो, चंद्रपूरकडे जाणारे तिथून वळतात. दोन्ही बाजूंना काळी कसदार जमीन, कपाशी, सोयाबीन, मधे तुरीच्या ओळी. इथे कुठलं आलं जंगल, असं लोक मला विचारतात. पण तालुक्याच्या पूर्वेकडे, गिरडच्या टेकडीवर बाबा फरीद यांचा दर्गा आहे, तो मागे टाकून खुर्सापारच्या बाजूला निघालं की काळी माती संपते, मुरूम लागतो आणि सागाचं रान सुरू होतं. पलीकडे उमरेड-कऱ्हांडला, दक्षिणेला चिमूरमार्गे ताडोबा, वायव्येला बोर. या तीन ठिकाणांमधून ये-जा करणाऱ्या वाघांना आमचं हे रान वाटेत लागतं. मी या भागात वनरक्षक आहे. बीटगार्ड म्हणा, इथे सगळे तसंच म्हणतात.

हे वर्षावन नव्हे. आंबोलीचं रान बारा महिने हिरवं असतं, तसं आमचं नसतं. फेब्रुवारीत साग उघडा पडू लागतो आणि मार्चअखेर जमिनीवर पाचोळ्याचा घोट्याएवढा थर साचतो. त्यावरून चालताना पावलाचा आवाज लांबपर्यंत जातो. या पानगळीच्या रानाबद्दल लिहिणारे थोडे, कारण ते वर्षातला मोठा काळ सुकलेलंच दिसतं.

ॲमेझॉनचं जंगल कसं जातं, हे आता शाळेतल्या मुलांनाही माहीत आहे. आधी झाडं पाडतात, उन्हात वाळू देतात, मग पेटवतात आणि त्या जागेवर गुरांसाठी गवत लावतात. ब्राझीलची अवकाश संशोधन संस्था १९८८ पासून उपग्रहांच्या आधारे दरवर्षी असे मोकळे झालेले तुकडे मोजत आली आहे. २०१९ च्या ऑगस्टमधल्या तिथल्या आगी साऱ्या जगाने पाहिल्या. तिथे जंगल गेलं की गेलेलं दिसतं. आमच्याकडे ते जाताना दिसत नाही, आणि माझ्या कामातली सगळ्यात मोठी काळजी हीच आहे.

आपल्या देशात भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था १९८७ पासून साधारण दर दोन वर्षांनी वन अहवाल काढते. एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या तुकड्यावर झाडांचं छत्र दहा टक्के किंवा जास्त असेल तर तो तुकडा वनाच्छादनात धरतात. झाड कोणतं, जमीन कुणाची, हे त्यात पाहिलं जात नाही. इतक्या मोठ्या देशाचं मोजमाप करायचं तर अशी एक रीत ठरवावीच लागते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण छत्र म्हणजे आज उभी असलेली मोठी झाडं. ज्या रानात म्हातारी झाडं आहेत आणि त्यांच्याखाली लेकरंबाळं नाहीत, ते रान नकाशावर कितीतरी वर्षं हिरवंच दिसत राहतं. एक दिवस ती झाडं पडायला लागतात, आणि तेव्हा त्यांची जागा घ्यायला कुणी नसतं.

मला हे कळलं ते नमुना प्लॉट मोजताना. आखून दिलेल्या तुकड्यात मोठी झाडं मोजायची, त्यांचा घेर टेपने घ्यायचा, मग खाली बसून आपोआप उगवलेली रोपं जातीवार लिहायची. मोठ्या झाडांचे रकाने भराभर भरत गेले. साग, ऐन, धावडा, मोह, तेंदू, बेहडा, बिजा, चार म्हणजे चारोळीचं झाड, सगळे होते. रोपांच्या रकान्यात साग होता, पळस होता, तेंदूही भरपूर होता. चार, बेहडा, बिजा यांच्यापुढे मात्र एकामागून एक शून्य पडत गेलं. दोन माणसांच्या कवेत न मावणारा मोह होता, पण त्या मोहाखाली मोहाचं एक रोप नव्हतं.

कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. साग, पळस, तेंदू यांचं जमिनीवरचं खोड जळलं तरी मुळं जिवंत राहतात आणि पावसाळ्यात नवे फुटवे येतात. दरवर्षी आग लागणाऱ्या रानात हीच मंडळी टिकतात. बियांवर ज्यांची भिस्त जास्त, ती हळूहळू मागे पडतात. चारोळीच्या बीचं कवच टणक असतं आणि तिची उगवण्याची ताकदही लवकर संपते. त्यातून कसंबसं रोप आलं तर पहिल्याच उन्हाळ्यात आगीत जातं. मोहाचं तर फूल आपण वेचतो, टोळ म्हणजे त्याची बीही तेलासाठी वेचतो, आणि उरलेलं झाडाखाली लावलेली आग घेऊन जाते. म्हणून मी जंगल राखायचं म्हणते तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर उंच साग नसतात. सागावर पहारा ठेवायला खातं आहे, तपासणी नाके आहेत, हातोड्याचे शिक्के आहेत. माझ्या डोळ्यांसमोर गुडघ्याएवढी रोपं असतात. त्यांच्यावर पहारा गावच ठेवू शकतं.

आगीचा हंगाम कागदावर १५ फेब्रुवारीला सुरू होतो आणि १५ जूनला संपतो. त्याआधी, डिसेंबर-जानेवारीतच, जाळरेषांचं काम असतं. रस्त्यांच्या आणि कंपार्टमेंटच्या कडेने ठरलेल्या रुंदीचे पट्टे आखायचे, त्यातलं गवत कापायचं, वाळू द्यायचं आणि वारा पडलेला असताना आपल्या देखरेखीखाली जाळून टाकायचं, म्हणजे पुढे आग आली तर तिला ओलांडायला खाद्य मिळत नाही. हल्ली मोबाइलवर उपग्रहाचा इशाराही येतो, अक्षांश-रेखांशासकट. त्याचा उपयोग आहेच. पण उपग्रह वरून दिवसातून मोजक्याच वेळा जातो, आणि दुपारच्या वाऱ्यात पाचोळ्यावरची आग कुणाची वाट पाहत नाही. पहिली खबर बहुतेक वेळा गुराख्याकडूनच येते. त्याचा फोन आला की अर्ध्या वाटेत असतानाच पुढच्या गावच्या वनसमितीच्या अध्यक्षांना कळवायचं, ब्लोअर गाडीवर बांधायचा, मजुरांना गोळा करायचं.

आग विझवण्यात शौर्यापेक्षा चिकाटी जास्त लागते. ब्लोअरने पाचोळा मागे फेकत मोकळी पट्टी काढायची, मागून दोघातिघांनी पळसाच्या ओल्या फांद्यांनी झोडपत यायचं. शेतकऱ्यांचे पाठीवरचे फवारणी पंप फार कामाचे. ते आणा म्हटलं की तरुण पोरं लगेच आणतात. रात्री वारा पडतो, तेव्हा काम जास्त होतं. ज्वाळा संपल्यावर खरं जिकिरीचं काम सुरू होतं. वाळलेला खुंट आतून रात्रभर धुमसत राहतो, आणि सकाळी दहाच्या वाऱ्याला त्यातली एक ठिणगी पलीकडच्या पाचोळ्यात पडली की सगळी मेहनत पाण्यात. प्रत्येक खुंटाला हात जवळ नेऊन ऊब बघावी लागते, माती टाकावी लागते. हे काम वनमजूर करतात. हंगामी माणसं आहेत ही. त्यांच्याशिवाय आमच्या खात्याचा एकही उन्हाळा निभणार नाही, आणि त्यांचं नाव कुठल्याच फलकावर येत नाही.

आता मोहाबद्दल. मोहाचं फूल पहाटे गळतं. फिकट पिवळं, रसाळ, बोराएवढं. पाचोळ्यात ते सापडत नाही, म्हणून आदल्या संध्याकाळी झाडाखालचा पाला पेटवायचा, काळ्या जमिनीवर सकाळी फुलं उठून दिसतात. पिढ्यान्‌पिढ्यांची ही रीत आहे. वारा फिरला की तीच आग रानात शिरते. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ खाली हा गुन्हा आहे, आणि ते गावाला ठाऊक आहे. कलम वाचून दाखवल्याने आग थांबत नाही, एवढंच होतं की ती कुणी लावली हे सांगायला कुणी उरत नाही. म्हणून मी पहाटे बायकांबरोबर फुलं वेचायला जाऊ लागले. वाकून वेचताना गप्पा होतात, आणि चौकीवर जे कुणी बोलत नाही ते तिथे बोललं जातं. एक मावशी म्हणाल्या, "म्याडम, आग लावाचा शौक कोणाले हाय? पाला झाडता झाडता कंबर मोडते. अन् पाल्यातून जनावर निंगालं तं?" जनावर म्हणजे साप. अंधारात पाचोळ्यात हात घालायची भीती खरी होती, कंबरेचं दुखणंही खरं होतं. त्यावर उपाय काढल्याशिवाय आग लावू नका म्हणण्यात अर्थ नव्हता.

इकडे मोहाची झाडं वहिवाटीने घराघरांत वाटलेली असतात. जमीन सरकारी असली तरी हे झाड अमक्याच्या आजीचं, ते तमक्याचं, हे सगळ्यांना माहीत असतं आणि त्यावरून भांडण होत नाही. ग्रामसभेत आम्ही त्या वहिवाटीचीच यादी केली. झाड ज्या घराचं, त्याच्या खालचा पाचोळा त्या घराने हंगामाच्या आधी दिवसाउजेडी, माणसं मिळून झाडून काढायचा आणि बुंध्यापासून दूर सारायचा. मग खाली जाळी अंथरायची, रोपवाटिकेवर सावलीला बांधतात ती हिरवी. सगळ्यांना जाळी पुरली नाही, तिथे जुन्या साड्या एकमेकींना शिवून अंथरल्या. जाळीवर पडलेलं फूल मातीत लोळत नाही, राखेत काळं होत नाही, वाळवल्यावर स्वच्छ दिसतं, आणि व्यापाऱ्याला भाव पाडायला निमित्त मिळत नाही. बायकांना हे पटलं ते भावामुळे आणि वेळ वाचल्यामुळे, रोपं वाचतात म्हणून नव्हे. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. २०२१ साली राज्य सरकारने मोहफुलं गोळा करण्यावरचे आणि साठवण्यावरचे निर्बंध सैल केले, त्यामुळे घरात चार पायल्या फुलं ठेवायची भीतीही कमी झाली. भीती कमी झाली की माणूस खात्याच्या माणसाशी मोकळं बोलतो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

गवताचा प्रश्न वेगळाच निघाला. चराईबंद रोपवनातून गवत कापून नेण्याची मुभा असते, आणि ते बरंच आहे; नाहीतर तेच गवत उन्हाळ्यात आगीला खाद्य होतं. पण दिवाळीच्या सुमाराला गवत कमरेएवढं असतं आणि रोप त्यात बुडालेलं. मुठीत गवत धरून विळा फिरला की चारोळीचं दोन पावसाळे जगलेलं रोप गवताबरोबर भाऱ्यात जातं. कापणारीला ते कळतही नाही. यावर उपाय बचत गटातल्या बायकांनीच काढला. भादव्यात, गवत अजून कोवळं असताना, त्यांनी रोपं शोधून प्रत्येकाशेजारी एक काडी रोवली आणि काडीच्या टोकाला लाल लुगड्याची चिंधी बांधली. कापताना लाल दिसलं की हात थांबतो. मी कापणीनंतर त्या तुकड्यात गेले तेव्हा पिवळ्या धसकटांवर ठिकठिकाणी त्या चिंध्या होत्या आणि प्रत्येकीच्या बुडाशी एकेक रोप. काहींची वरची पानं शेळीने खाल्ली होती, काहींच्या खोडाला वाळवीची माती चढली होती, पण मुळं धरलेली होती. एका बाईने मला बोट दाखवून सांगितलं, "हे माह्यं, अन् ते तिचं." कुणी वाटून दिली नव्हती. चिंधी ज्या लुगड्याची, रोप त्या घराचं, असं आपोआपच ठरून गेलं होतं.

महाराष्ट्राने २०१६ ते २०१९ या काळात झाडं लावण्याचा मोठा कार्यक्रम केला. २०१९ चं एकट्याचं उद्दिष्ट ३३ कोटींचं होतं. मीही खड्डे मोजले, सागजड्या लावल्या. लावलेलं झाड जगवणं चांगलंच. तरी माझं स्पष्ट मत आहे की आपोआप आलेलं एक चारोळीचं रोप वाचवणं हे जास्त मोलाचं काम आहे. त्याने आपली जागा स्वतः निवडलेली असते, त्या मुरमात त्याचं मूळ कुठवर जाईल हे त्याने आधीच आजमावलेलं असतं. त्याच्यावर खर्च करायची तरतूद फारशी नसते, कारण त्याला खड्डा लागत नाही आणि त्याची खरेदी होत नाही.

सरपणाचं बोलायचं तर आमच्या भागात चुलीचा खरा आधार पऱ्हाटी. कपाशीची शेवटची वेचणी झाली की पऱ्हाटी उपटून घरामागे गंजी लागायची आणि पावसाळा निघून जायचा. २०१७ साली विदर्भात गुलाबी बोंडअळीने कपाशीचं मोठं नुकसान केलं. तेव्हापासून पऱ्हाटी साठवू नका, तिच्यात अळी दडून राहते, यंत्राने बारीक करून शेतातच गाडा, असं शेतकऱ्यांना सांगितलं जातं. सल्ला अगदी बरोबर आहे. पण ज्या घरची पऱ्हाटी शेतात गाडली गेली, त्या घरची बाई सरपणाला रानाकडे वळते. गॅस घरोघरी पोचला आहे, तरी दुसरा सिलिंडर भरायचा की पोराच्या वह्या घ्यायच्या, हा हिशेब मजुरी बंद असलेल्या महिन्यात रोजचा असतो. पडलेली, वाळलेली लाकडं न्यायला आम्ही हरकत घेत नाही. ओल्या फांदीला कुऱ्हाड लावली तर घेतो. कपाशीचं आणि जंगलाचं असं नातं आहे हे कार्यालयांच्या वेगवेगळ्या टेबलांवर बसून दिसत नाही. बीटमध्ये फिरताना रोज दिसतं.

रानात एकटीने फिरण्याबद्दल घरचे विचारतात. २० नोव्हेंबर २०२१ ला ताडोबात स्वाती ढुमणे या आमच्यातल्याच वनरक्षक, व्याघ्रगणनेच्या कामासाठी पायी निघालेल्या असताना वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. त्या दिवसापासून ठसे दिसले की मी जास्त वेळ थांबून बघते, बरोबरच्या माणसांना मागे-पुढे सोडत नाही, मोठ्याने बोलत चालते. वाघ आला की गावात रानाची भीती बसते, आणि काही जण म्हणतात, बरं झालं, आता जंगल आपोआप राखलं जाईल. मला हे मान्य नाही. भीतीने बाया रानात जायच्या थांबल्या तर त्या आगही विझवायला येणार नाहीत. ज्याला रानात काही मिळत नाही त्याला रान जळाल्याचं दुःख का व्हावं?

याच्या उलट उदाहरण म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव नावाचं छोटं गाव. वनहक्क कायद्याखाली २०१२ साली त्यांना हजारएक हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू विकून गावाला मजुरी आणि उत्पन्न मिळू लागलं. पण त्यांचा मला सगळ्यात मोठा वाटणारा निर्णय तेंदूबद्दलचा आहे. तेंदूची पानं चांगली फुटावीत म्हणून झाडं छाटली जातात, रान पेटवलं जातं, म्हणून त्यांनी ग्रामसभेत तेंदूपत्ता तोडायचाच नाही असं ठरवलं. उन्हाळ्यातला हातात येणारा पैसा त्यांनी सोडला. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार २०११ साली मिळवला, त्याची देशभर चर्चा झाली, ती व्हायलाच हवी होती. पाचगावची मात्र कमी झाली. आमच्या समितीच्या बैठकीत मी पाचगावचं सांगितलं तेव्हा बराच वेळ कुणी काही बोललं नाही; मग एका म्हाताऱ्या बुवांनी विचारलं, "पण त्यायचं जंगल त्यायच्या नावानं हाय ना?" माझ्याजवळ त्याचं उत्तर एकच होतं, हो. जंगलावर आपला हक्क आहे ही खात्री असेल तर माणूस पैसा सोडतो. ती खात्री नसलेल्या गावाकडून तेवढ्याच त्यागाची अपेक्षा करणं मला अन्यायाचं वाटतं, आणि खाकी घातलेली असूनही हे मी उघडपणे म्हणते.

सध्या आमच्या बैठका शेळ्यांवर अडल्या आहेत. चिंधी बांधलेल्या तुकड्यात रोपं आता गुडघ्याला आली आहेत. शेळीला नेमका हाच कोवळा शेंडा लागतो, आणि तीनदा शेंडा गेला की रोप झुडूप होऊन बसतं. शेळ्या आहेत त्या भूमिहीन घरांच्या. बैलजोडीवाल्यांनी बैठकीत चराईबंदीचा ठराव आणला. शेळ्यावाल्या एका ताईंनी उभं राहून विचारलं, "बंदी कराची तं करा जी, पण आमी शेळ्या कुठं न्याच्या, हे पयले सांगा." गावाला चराईसाठी ई-क्लास जमीन आहे. तिच्यावर कडेकडेने सोयाबीन चढलं आहे, यंदा दोन ओळी, पुढच्या वर्षी आणखी दोन. आणि ते पेरणारे काही जण ठरावाच्या बाजूने बसले होते. मी म्हणाले, ई-क्लासची मोजणी आधी, चराईबंदीचा ठराव त्यानंतर. आवाज चढले, दोघं उठून गेले. तरी मोजणीचा अर्ज त्याच दिवशी लिहिला गेला, अध्यक्षांची आणि त्या ताईंची सही घेऊन. तोवर पाणोठ्याकडचा तुकडा शेळ्यांना मोकळा आहे आणि चिंध्यांच्या तुकड्यावर शेळ्यावाल्या घरांनीच आळीपाळीने राखण करायची, असं तात्पुरतं ठरलं आहे. या आठवड्याची पाळी त्या ताईंच्या घराची आहे.